दोन ठोके

४ फेब्रुवारी

बारक्या,

एकोणीस वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस. भांडायला लिहिते आहे.

काल गल्लीच्या तोंडाशी नवा नकाशा लावला. महामार्ग आणखी दोन पदरांनी रुंद होणार आणि या वेळी आपल्या बाजूची सगळीच्या सगळी घरं जाणार. खाली उजव्या कोपऱ्यात रस्त्याचा इंजिनियर म्हणून तुझी सही आहे. शेवटच्या अक्षराला अजून तसंच शेपूट काढतोस. चौथीत बाईंनी त्यावरून तुझा कान पिळला होता, तरी सुधारला नाहीस.

मागच्या वेळी अर्धं घर नेलंस. आईची खोली होती तिथून आता ट्रक जातात. उरलेल्या अर्ध्यात मी राहते आणि पुढच्या खोलीत लोकांचे कान तपासते. आता तेही न्यायला निघालास. निदान एक फोन तरी करायचास. समोरच्या शिंपीकाकांनी मला हाताला धरून नेऊन ती सही दाखवली आणि चारचौघांत मला म्हणावं लागलं, हो, आमचा बारक्याच तो.

नकाशाखाली बारीक अक्षरात एक टीप आहे. ज्या घरांनी मागच्या वेळी संमती दिली, त्यांची तीच संमती या कामालाही लागू समजली जाईल. म्हणजे आईचा अंगठा. गल्लीत पहिला अंगठा तिचा होता आणि तो बघूनच बाकीच्यांनी सह्या केल्या. तो अंगठा तू घेतलास, शाईची डबी तुझ्या हातात होती. मी ते विसरलेले नाही.

आमच्या आमदारबाई पुढच्या आठवड्यात गल्लीत येणार आहेत म्हणे. येतील, हात जोडतील, जातील. मी दार लावून बसणार आहे.

तुझी (अजून तरी) ताई

१३ फेब्रुवारी

बारक्या,

दार लावून बसले नाही. तुला सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून सांगते, नाहीतर तुझं उत्तर यायच्या आत पुन्हा लिहिण्याइतकी मी लोचट नाही.

या बाई आमदार होण्याआधी कोर्टात लघुलेखक होत्या. समोरचा बोलेल ते अक्षर न अक्षर त्या आकड्या-रेघांच्या भाषेत उतरवायचं, एवढंच काम, तेवीस वर्षं. गल्ली त्यांना स्टेनोबाई म्हणते आणि त्यांना ते माहीत आहे. बरोबर फक्त ड्रायव्हर. प्रत्येक घरात जातात, साधी खुर्ची मागून घेतात, वही उघडतात आणि गप्प बसतात. आपण बोलायचं. मध्ये हं नाही, हुं नाही, "मी बघते" नाही. आपलं संपलं की त्या सगळं वाचून दाखवतात, आपण थांबलो असू तर "इथे थांबल्या" हेसुद्धा. मग विचारतात, राहिलं काही? बारक्या, मी आयुष्यभर लोकांच्या कानांचं काम केलं, पण असं ऐकणारं माणूस पाहिलं नव्हतं. शिंपीकाका सांगत होते की ट्रक गेला की दुकानातला आरसा हलतो आणि गिऱ्हाइकाचं माप चुकतं, ही एवढीशी तक्रार. ती त्यांनाच परत वाचून दाखवली तर म्हातारा रडायला लागला. आजवर कुणी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

माझ्याकडे आल्या तेव्हा मी अर्धा तास तुला शिव्या घातल्या. आईची खोली, अंगठा, तुझं निघून जाणं, सगळं. त्यांनी लिहिलं आणि वाचायला लागल्या. सपाट आवाज, जणू वाणसामानाची यादी. शेवटी आलं: "भाऊ अंगठा घेऊन गेला. इथे थांबल्या. मग दोन ठोके. मग म्हणाल्या, चहा घेणार का."

मी विचारलं, कसले ठोके?

त्यांनी वहीत बघितलं आणि पेनाच्या टोकाने टेबलावर वाजवून दाखवले. एक. जरा थांबून दुसरा.

मी म्हटलं, बाहेरून ट्रक गेला असेल.

"ट्रक मी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी माणसांचंच लिहिते."

चहा त्यांनी घेतला नाही. गाडीत बसताना त्यांच्या ड्रायव्हरने मला विचारलं की या घरासमोर दुसऱ्या पदरात काही खड्डाबिड्डा होता का, कारण तिथे त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. मी नाही म्हटलं. तो गेल्यावर मात्र दारात उभी राहून बघत बसले. उन्हात, लख्ख मोकळ्या रस्त्यावर, एकेक गाडी त्या जागी किंचित हळू होत होती आणि पुढे जात होती. आईची खाट साधारण तिथेच होती.

ताई

२७ फेब्रुवारी

बारक्या,

भूतबीत म्हणून हसू नकोस. आधी ऐक, मग तुझं इंजिनियरचं डोकं चालव.

माझ्या पुढच्या खोलीत एक बंद लाकडी खोली आहे, जेमतेम कपाटाएवढी. तिला मी पेटी म्हणते. बाहेरचा आवाज आत जात नाही. माणूस आत बसतो, कानांवर यंत्र लावतो, हातात बटण धरतो. मी बाहेरून बारीक बारीक आवाज सोडते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, इकडे माझा दिवा लागतो. काही माणसं आवाज नसतानाही दाबतात. त्याला मी फुकटचं बटण म्हणते आणि कागदाच्या कडेला फुली मारून सोडून देते. ही सगळीकडची रीत आहे.

स्टेनोबाई गेल्यावर मी जुने कागद काढले. पेटी बसवल्यापासूनचे, सतरा वर्षांचे. लांबून येणाऱ्यांच्या कागदांवर फुल्या असतात, नसतात, कुठेही असतात. आपल्या गल्लीतल्या माणसांच्या प्रत्येक कागदावर दोन फुल्या आहेत. दोनच आणि शेजारी शेजारी. मी दोनदा मशीन बदललं होतं त्यापायी. दुरुस्तीवाला म्हणाला होता, बाई, मशीन उत्तम आहे, तुमची गल्लीच बिघडलेली आहे. तेव्हा दोघंही हसलो होतो.

काल शिंपीकाकांना बोलावलं. त्यांनी शांततेत दोनदा बटण दाबलं. बाहेर आल्यावर मी सरळ विचारलं, तुम्ही का दाबलंत?

"ठोके आले म्हणून," ते म्हणाले. "दर वेळी येतात की. कानात नाही, इथे, पाठीमागच्या फळीत. मला वाटलं तुमच्या तपासणीतलाच भाग आहे."

सतरा वर्षं येतात आणि कधी बोलले नाहीत. का, तर मी कधी विचारलं नाही. मी फुली मारत होते.

ते गेल्यावर मी स्वतः आत बसले. दार ओढून घेतलं, पाठ फळीला टेकवली. ही फळी रस्त्याकडच्या भिंतीला लागून आहे. भिंतीपलीकडे आईची खोली होती. माझे कान अजून चांगले आहेत, दर वर्षी तपासते. मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. फक्त स्वतःचा श्वास.

आईची वाचा गेली तेव्हा तूच तिला शिकवलं होतंस, हो असेल तर भिंतीवर एकदा ठोक, नाही असेल तर दोनदा. तिला ते इतकं आवडलं होतं की पहिल्या दिवशी उगाचच ठोकत बसली. मग तू कॉलेजला निघून गेलास आणि ते ऐकायला मी उरले. पाणी हवं का, एक. कूस बदलू का, दोन. बारक्याला कळवू का, दोन. नेहमी दोन, तुझा अभ्यास बुडेल म्हणून.

अंगठ्याच्या दिवशी तू खोलीच्या दारात होतास, साहेबाबरोबर. बाहेर रस्ता फोडायचं यंत्र सुरू होतं, तुझं बोलणं मला ओठांवरून कळत होतं. मी आईपाशी, हात भिंतीवर. तुला ऐकू येणं शक्य नव्हतं.

आता पुरे. गिऱ्हाईक आलं आहे.

ताई

१० मार्च

बारक्या,

काल स्टेनोबाई परत आल्या. कान तपासून घ्यायला आल्या. म्हणाल्या, उद्या विधानसभेत मी "असं असं ऐकलं" म्हणून उभी राहीन, तर त्याआधी माझे कान धड आहेत याचा कागद हवा. कोर्टाची सवय. नंबर लावून बसल्या, बेकरीवालीच्या मागे. तिने पुढे जा म्हटलं तरी उठल्या नाहीत.

त्यांचे कान विशीतल्या पोरीसारखे आहेत. आणि शांततेत माझा दिवा दोनदा लागला.

बाहेर येऊन त्यांनी यंत्र जागेवर ठेवलं, खुर्ची घेतली, वही उघडली. विचारलं, "हे कोण आहे?" आणि गप्प बसल्या.

त्या गप्प बसण्यापुढे मी टिकले नाही. तुझ्यासमोर टिकले एकोणीस वर्षं, त्यांच्यासमोर पाच मिनिटं नाही. मी काय बोलले ते माझं मलाच आठवत नाही. त्यांनी वाचलं तेवढं आठवतं. म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिते, माझ्या हाताने मला ते जमणार नाही:

"आईने दोनदा ठोकलं. भिंत माझ्या हाताखाली होती, मला दोन्ही कळले. भावाने दारातून विचारलं, काय म्हणते? मी एक बोट वर केलं. इथे थांबल्या. मी थकले होते. दिवसभर ठोके. जेवताना ठोके. मला वाटलं, ही खोली गेली तर हे थांबेल. शिवाय रस्ता पुढ्यात आला तर दवाखाना चालेल. भावाने माझ्या बोटाकडे बघून अंगठा घेतला. नंतर सगळ्यांनी त्याला दोष दिला. मीही दिला."

मग त्यांनी विचारलं, राहिलं काही?

राहिलं होतं. खोली पाडल्यावर आईला मी मागे हलवलं होतं, लाकडी फळ्यांच्या पडवीत. फळीवर कापड ठोकलं होतं, गारठा येऊ नये म्हणून. कापडावर ठोकलं तर आवाज येत नाही. मला ते कापड ठोकतानाच माहीत होतं. तुला मी कळवलं की झोपेतच गेली. बारक्या, तिच्या उजव्या हाताची पेरं सोललेली होती. मी त्यांना मलम लावलं आणि मगच लोकांना बोलावलं.

हेही त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. आवाज जराही बदलला नाही. त्यांनी मला जवळ घेतलं असतं तर मी खोटं रडले असते. नुसतं वाचलं म्हणून खरं रडले.

उठताना म्हणाल्या, येत्या रविवारी जनसुनावणी आहे, तिथे हे सांगाल का? आणि वर असंही म्हणाल्या: "नाही सांगितलंत तरी मी विरोध करणारच आहे. माझं मत तुमच्या धाडसावर टांगलेलं नाही. तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा."

त्या संमतीपत्रावर "माझ्यासमक्ष" म्हणून तुझी सही आहे. मी बोलले तर तुझ्या नोकरीला झळ लागेल. म्हणून आधी तुला लिहिते आहे. विचारत नाही, कळवते आहे. तुला विचारायचा हक्क मी तेव्हाच घालवला.

ताई

२ एप्रिल

बारक्या,

सांगितलं. शाळेच्या सभागृहात, माईकवर, दोनशे माणसांसमोर. तुझं नाव घ्यावं लागलं, पण अंगठा तुझ्या चुकीने नाही, माझ्या बोटाने घेतला गेला, हे तीनदा सांगितलं. स्टेनोबाई पहिल्या रांगेत लिहीत होत्या.

सगळं ऐकून शिंपीकाका उठले आणि खुर्ची घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसले. त्यांनी आईचा अंगठा बघून सही केली होती. पुढचे दहा दिवस गल्लीत कुणी माझ्याशी बोललं नाही. बेकरीवाली पाव द्यायची, पण माझ्या हातात नाही, फळीवर ठेवायची. मला राग आला नाही. बरं वाटलं, असं म्हटलं तर तुला पटेल का?

परवा विधानसभेतलं बोलणं टीव्हीवर लागलं. रस्त्याच्या बाजूने एकामागून एक उठले. त्यात स्टेनोबाईंच्या पक्षाचेही होते, ते तर जास्तच जोरात. मग या उठल्या. भाषण केलंच नाही. वही काढली आणि गल्ली वाचायला लागल्या. आरसा हलतो, माप चुकतं. म्हाताऱ्या बाई दुसऱ्या बाजूच्या बहिणीला आता फोन करतात, कारण सहा पदर ओलांडता येत नाहीत. "इथे थांबल्या." "इथे थांबले." चाळीस मिनिटं. मागे हसत होते, त्यांच्याच पक्षातल्या एकाने जांभई देऊन दाखवली. त्यांनी वाक्य अर्धं सोडलं नाही की आवाज चढवला नाही. शेवटी माझ्या घराची पाळी आली. माझी लाज काढली नाही. एवढंच म्हणाल्या की पहिल्या घराच्या मालकिणीला बोलता येत नव्हतं, तिने तेव्हा जे सांगितलं ते असं होतं. आणि पेन माईकवर वाजवलं. दोनदा.

अध्यक्षांनी विचारलं की सन्माननीय सदस्यांनी हे जे काही केलं ते कामकाजात काय म्हणून लिहायचं?

"नाही, असं लिहा," त्या म्हणाल्या.

टीव्ही बंद केला आणि मी ओरडून रडले. एका परक्या बाईने आपल्या आईचं ऐकलं, बारक्या. मी पोटची, स्वतःला कानांची डॉक्टरीण म्हणवते, मी नाही ऐकलं.

विरोधात मतं दिली चौघांनीच. पण जुनी संमती धरता येणार नाही, एवढं सरकारला कबूल करावं लागलं. प्रत्येक घराला आता नव्याने विचारणार. आपल्याकडे अधिकारी येणार तेवीस तारखेला. घर अजून आईच्याच नावावर आहे. ते बदलायचं तर आपण दोघांनी एका टेबलापाशी बसायला हवं होतं, तेवढं काही आपल्याला जमलं नाही. त्यामुळे आता हो किंवा नाही दोन्ही वारसांनी समोर बसून सांगायचं आहे. तू नाही आलास तर आपल्या घराचं उत्तर कोरं धरणार आणि कोरं म्हणजे हो.

आणखी एक. जनसुनावणीनंतर पेटीत गल्लीतली सात माणसं बसून गेली. एकाही कागदावर फुली नाही. त्यांची पाठ फळीला होती, मी तीन तीनदा विचारलं. काही आलं नाही म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता. पण ती शांतता वेगळीच आहे. ठोकून ठोकून माणूस थांबतो आणि आता समोरचा काय सांगतो याची वाट बघतो, तशी.

ताई

१५ एप्रिल

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर एक ओळ. "मलाही दोनच ऐकू आले होते, ताई."

मी ते दिवसभर हातात घेऊन फिरले. आधी चिडले. म्हणजे तूही? एकोणीस वर्षं मी तुझ्यावर ढकललं आणि तू मुकाट्याने घेतलंस, ते कशाला? तुला नोकरीतला पहिला अंगठा हवा होता म्हणून? की ताई खोटं बोलणार नाही म्हणून तू स्वतःचे कान खोटे ठरवलेस? हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. मग मात्र ते यंत्र आठवलं. त्या आवाजात दारापर्यंत ठोके येणं शक्य नव्हतं. मी कानांचं काम करते, मला कळतं किती आवाजाखाली किती आवाज मरतो. तरी तुला ऐकू आले. सगळ्यांना येतात. मी सोडून.

आज सकाळी शिंपीकाका आले. जनसुनावणीनंतर पहिल्यांदाच. काही न बोलता पेटीत जाऊन बसले आणि स्वतःच दार ओढून घेतलं. नेहमीची तपासणी झाली. फुली नाही. मग मी आवाज सोडणं थांबवलं, उठून भिंतीपाशी गेले आणि हात ठेवून विचारलं, पूर्वी विचारायची तसंच: आई, बारक्याला बोलावू का?

पेटीच्या आत माझा आवाज जात नाही. हे तुला शपथेवर सांगते.

दिवा लागला. मी दुसऱ्याची वाट बघितली. टेबलाला धरून उभी राहिले आणि वाट बघितली, पण दुसरा लागला नाही. काका बाहेर आले. म्हणाले, आज एकच आला, हळू, आणि या वेळी फळीच्या खालच्या बाजूला, खाटेवर निजलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे.

आता तू म्हणशील, एक आला हे ताईच सांगते आहे, आणि तिचं एक आपल्याला माहीत आहे. बरोबर म्हणशील. माझ्या मोजण्यावर विश्वास ठेवू नकोस. कागद सोबत पाठवला आहे, पण फुली मीच मारलेली असणार, त्यावरही ठेवू नकोस.

तू ये. तेवीस तारखेला दुपारी अधिकारी येणार, तू सकाळीच ये. तुझ्या नकाशाची गुंडाळी आणायची असेल तर आण. पेटीत तू बस, दार मी लावीन. मी बाहेरून भिंतीला हात लावून विचारीन, घर द्यायचं का?

मला काही ऐकू येणार नाही. किती आले ते तू बाहेर येऊन सांग. तू जे सांगशील तेच मी अधिकाऱ्यापुढे लिहीन.

पडवीतलं कापड मी काल काढून टाकलं.

वाट बघते,
ताई